या दालनात ‘काढा’ म्हणत नाहीत

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळाचे आदरणीय सभासद, आपली कामं बाजूला ठेवून आलेले प्रमुख पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले सर, पहिल्या रांगेत अगदी कडेच्या, पटकन उठून जाता येईल अशा खुर्चीवर बसलेल्या वहिनी, माझे सहकारी आणि जमलेल्या सर्व रसिक बंधुभगिनींनो, आपल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

निवेदकांनी माझी ओळख ‘संग्रहालयाच्या संवर्धन विभागाच्या प्रमुख’ अशी करून दिली. ऐकायला बरं वाटलं. त्या विभागात मी एकटीच आहे, त्यामुळे प्रमुखही मीच आणि टेबल पुसणारीही मीच. माझं काम म्हणजे चित्रांची आजारपणं काढणं. कुठे रंगाचा पोपडा सुटलाय, कुठे कापड ढिलं पडलंय, कुठे कुणी कौतुकाने बोट लावून ठेवलंय, हे बघायचं आणि निस्तरायचं. चित्रावरचा मळ पुसायला आम्ही कापसाच्या बोळ्याला आपली थुंकी लावतो. हो, थुंकीच. नाकं मुरडू नका, तिच्याइतकं सौम्य औषध अजून बाजारात आलेलं नाही. सांगायचा मुद्दा असा, की मी तोंड बंद ठेवून काम करणारी बाई आहे. भाषणाची सवय नाही. आवाज चढला तर माइकवर ढकलावं ही विनंती.

मघाशी सरांना मानपत्र दिलं गेलं. फार देखणं छापलंय, कडेने सोनेरी वेलबुट्टी आहे. त्यातलं एक वाक्य आपण नीट ऐकलंत का? ‘सरांनी आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीत असंख्य सुंदर चित्रे काढली.’ या वाक्याला टाळ्याही पडल्या. अध्यक्ष महोदय, आपला मान राखून सांगते, सरांनी आपल्या कारकिर्दीत एकही चित्र काढलेलं नाही. सर कलेचे इतिहासकार आहेत, क्युरेटर आहेत. आधुनिक भारतीय चित्रकलेत कुणी काय काढलं, का काढलं, कुणाचं बघून काढलं आणि कुणाचं नाव मधल्यामध्ये गळून गेलं, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला. शाळेची मुलं दालन बघायला यायची आणि हमखास विचारायची, “सर, तुम्हाला येतं का चित्र काढता?” सर सांगायचे, “नाही रे. माझी रेघ वाकडी जाते. म्हणून मी दुसऱ्यांच्या रेघा सांभाळतो.”

वहिनींना शेजारणी विचारायच्या, “तुमचे हे नक्की करतात तरी काय?” वहिनींचं उत्तर ठरलेलं. “लोकांनी काढलेली चित्रं लावतात. घरात मात्र एक खिळा ठोकू देत नाहीत.” वहिनी, हसताय म्हणजे खरंच आहे. यांच्या घरातल्या भिंती कोऱ्या आहेत. सरांचं म्हणणं, घरातलं चित्र आठवड्याभरात दिसेनासं होतं. चित्र बघायला माणसाने उठून चालत जायला हवं.

तेव्हा मानपत्र चुकलं. पण मी तक्रार करत नाही, कारण ते लिहिणाऱ्याच्या नकळत खरं ठरलंय. कसं, ते ओघात येईल.

मी इथे लागले त्या पहिल्या दिवसाची गोष्ट. याच खोलीतली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना कदाचित माहीत नसेल, अगदी परवापरवापर्यंत हे ‘बहुउद्देशीय सभागृह’ नव्हतं. हे आधुनिक चित्रांचं दालन होतं. तर एका चौकटीला वाळवी लागल्याचा संशय होता. मी शिडीवर चढले आणि नव्या नोकरीच्या उत्साहात विचारलं, “सर, हे चित्र काढू का?” सर खाली उभे होते, चष्मा कपाळावर. म्हणाले, “काढा की. पेन्सिल आहे का?”

मला काही कळेना. बाकीचे फिदीफिदी हसायला लागले. मग सर म्हणाले, “चित्र काढतो तो चित्रकार. आपण चित्र लावतो आणि उतरवतो. एवढा फरक लक्षात ठेवला की आपल्या डोक्यात हवा जात नाही.” तो इथला नियमच होता. ‘काढू का’ असं जो म्हणेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. आमच्या सुताराने या नियमापायी इतका चहा पाजला, की तो घरी दोरीवरचं धुणंसुद्धा ‘उतरव’ म्हणायला लागला. बायको विचारायची, तुमच्या ऑफिसात माणसं बरी आहेत ना?

हसून घ्या. नंतर जमेल न जमेल.

आता सरांबद्दल चार चांगले शब्द बोलायचे असं ठरलंय, तर ते बोलते. सरांनी किती प्रदर्शनं भरवली, किती पुस्तकं लिहिली, ते पाहुण्यांनी सांगितलं. मी एकाच चित्राबद्दल सांगते. सरांची सगळी कारकीर्द त्या एका चित्रात मावते, असं मला वाटतं.

सर तरुण होते, संशोधन करत होते. एका नावाजलेल्या चित्रकाराची पत्रं त्याच्या एका विद्यार्थिनीकडे आहेत असं कळलं, म्हणून ते तिच्या घरी गेले. त्या बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो, मीही तसंच म्हणते. बाई चहा टाकायला आत गेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटलेली होती आणि तिथे चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकून एक कापड लावलं होतं. बाहेरून ऊन आलं आणि सरांना त्या कापडात एक बाई उभी दिसली.

ती पाठमोरी आहे. दारापाशी उभी आहे आणि तिचा हात कडीवर आहे. दार उघडतेय की लावून घेतेय, ते कळत नाही. तिच्या कोपरावर पिवळ्या उजेडाचा एक फटकारा आहे, बस्स.

सरांनी विचारलं, “हे काय आहे?” बाई म्हणाल्या, “वारा येतो हो तिथून.”

सर पत्रंबित्रं विसरले. त्यावेळी आपल्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास म्हणजे एकमेकांकडे जेवायला जाणाऱ्या दहा-बारा पुरुषांचा इतिहास होता. मोठ्या लोकांनी सरांना सांगितलं, अहो, हा शाळेतल्या बाईंचा सुट्टीतला विरंगुळा आहे, याला काय इतिहासात घालता? सर चिडले नाहीत. चिडतात ते कसले. त्यांनी एक प्रदर्शन भरवलं आणि कुठल्याही चित्राखाली चित्रकाराचं नाव लावलं नाही. उद्घाटनाला एक ज्येष्ठ समीक्षक आले होते. ते त्या पाठमोरीसमोर थांबले आणि कोपरावरच्या फटकाऱ्यावर बराच वेळ बोलले. काय जोर आहे, म्हणाले, काय हा पुरुषी आत्मविश्वास! सरांनी सगळं मन लावून ऐकून घेतलं. मग शेजारी स्टुलावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे वळून म्हणाले, “बाई, हे काय म्हणतात बघा.” बाई म्हणाल्या, “हात दुखत होता हो. म्हणून एका दमात मारून टाकला.”

तिथून बाईंचं नाव पुस्तकात आलं. आज कॉलेजात मुलं त्यांच्यावर निबंध लिहितात. एक माणूस हट्टाला पेटला नसता, तर ते चित्र अजून वारा अडवत बसलं असतं.

पण मला सांगायचंय ते पुढचं आहे. बाईंनी ते चित्र संग्रहालयाला दिलं तेव्हा मी तिथे होते. चित्र माझ्या टेबलावर होतं. खिळ्यांची चार भोकं मी बुजवणार होते. सर म्हणाले, “राहू दे. तोही इतिहासच आहे.” बाई खुर्चीत बसून बघत होत्या. मला म्हणाल्या, “पोरी, हे साधं पोत्याचं कापड आहे. चांगलं आणायची ऐपत नव्हती. खाली सरस आणि खडूची भुकटी फासलीय. याला ओल चालत नाही बघ. माझ्या खिडकीत ऊन होतं म्हणून टिकलं.” आणि मग सरांकडे बघून, “ओलीत टाकू नका हो माझ्या लेकीला.”

सर म्हणाले, “बाई, ती माझ्या नजरेसमोर राहील.”

एवढंच. कागद नाही, शपथ नाही. बाई गेल्या त्यालाही आता बराच काळ लोटला.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत. मी आवरतंच घेते आहे.

आपण सगळे इथे येताना बाहेरच्या व्हरांड्यातून आलात. तिथे लाकडी खोकी रचून ठेवलेली आहेत. तुमच्यातल्या काहींनी चहाचे कप त्या खोक्यांवर ठेवले. मी ते उचलून बाजूला करत होते, तर एक गृहस्थ मला म्हणाले, “राहू द्या हो बाई, आचारी नेईल.” मी आचाऱ्याकडची नाही, आणि ती खोकी फर्निचरची नाहीत. या दालनातली सगळी चित्रं त्या खोक्यांत आहेत. आपली ही सगळी गेल्या शतकातली माणसं, ज्यांच्याबद्दल मघापासून इतकं गौरवाने बोललं जातंय, ती बाहेर व्हरांड्यात उभी आहेत आणि आपण त्यांच्या डोक्यावर बशा ठेवल्यात.

उद्या सकाळी गाडी येणार आहे. खोकी जुन्या छापखान्याच्या तळघरात जाणार आहेत. विश्वस्त मंडळाने ठरवलंय, की संस्थेला सभागृहाची गरज आहे आणि आधुनिक चित्रं बघायला तसं कुणी येत नाही. सरांच्या जागी नवा माणूसही नेमायचा नाही. चित्रंच नाहीत तर क्युरेटर कशाला, हे तर्काला धरूनच झालं. आणि सभागृह तयार झालंच आहे, तर त्याचा पहिला कार्यक्रम कुठला ठेवावा? सरांचा निरोप समारंभ! मी तरी याहून मोठा विनोद ऐकलेला नाही. ज्या माणसाचं दालन मोडलं, त्याच्याच गौरवाने त्या मोडलेल्या दालनाचं उद्घाटन.

मी ते तळघर बघून आले. मला कुणी पाठवलं नव्हतं, मी आपली गेले. भिंतीला लोणा लागलाय. हात लावला तर तळवा ओला झाला. कोपऱ्यात कागदाची जुनी रिळं पडली आहेत, ती फुगून फुटली आहेत. मी अध्यक्षांना हे सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “थोडे दिवस राहिली तिथे तर काय बिघडतंय? आणि सगळ्यांचे फोटो काढलेले आहेत ना?” महोदय, आपण हे सद्भावनेने म्हणालात याबद्दल मला शंका नाही. पण घरातल्या माणसाचा फोटो आहे म्हणून आपण त्याला ओलीत झोपवत नाही.

काय बिघडतं, ते मी सांगते, माझं कामच आहे ते. रंगाखालचा सरस ओल पितो आणि फुगतो. हवा कोरडी झाली की आकसतो. वरचा रंग म्हातारा असतो, त्याला असं पुढेमागे होता येत नाही. तो सुटतो. आधी चिरा, मग खपल्या, मग भुगा. खपली पडली तर मी ती चिमट्याने उचलून परत बसवते, त्यात दिवस गेले तरी चालतील. भुग्याचं मी काहीही करू शकत नाही. कुणीच करू शकत नाही. पुढच्या वर्षी ते खोकं उघडाल तेव्हा कापडावर पाठमोरी नसेल. ती खोक्याच्या तळाला, चिमूटभर पिवळी धूळ होऊन पडलेली असेल.

माफ करा. पाणी आहे का? ... आभारी आहे.

तर मंडळाचा हुकूम आला. सरांनी तो ऑफिसात आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, ‘दालनातील सर्व चित्रे तातडीने काढण्यात यावीत.’ काढण्यात यावीत! सुतार सवयीने बोलून गेला, “सर, साहेबांकडे चहा लागला.” कुणीही हसलं नाही. सरांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, “काढतो.”

आम्हाला वाटलं, रागाने बोलले. दुसऱ्या दिवशी सर पेन्सिलींची पेटी घेऊन आले. सुतार एकेक चित्र उतरवायचा, मी ते गुंडाळायचे आणि खोक्यात ठेवायचे. भिंतीवर चित्राच्या जागी फिका चौकोन उरायचा, जिथे इतकी वर्षं धूळ-धूर पोचला नव्हता. सर तिथे स्टूल ओढायचे, बसायचे आणि त्या चौकोनात, भिंतीवरच, ते चित्र काढायचे. आठवून. पेन्सिलीने. या माणसाने उभ्या आयुष्यात कधी आंबासुद्धा काढलेला नव्हता. रेघ वाकडी जायची, सर खोडायचे, पुन्हा काढायचे. अंधारात कुलपाचं भोक चाचपडावं, तशी त्यांची बोटं भिंतीवर फिरायची. चित्रं बरी आली आहेत का? नाही आलीत. खोटं कशाला बोलू? घोडे कुत्र्यासारखे झालेत. एका मोठ्या चित्रकाराने रंगवलेला गाव भिंतीवर रचलेल्या डब्यांसारखा दिसतो. पण काय कुठे होतं, ते सगळं जागच्या जागी आहे. एक पक्षी सुटलेला नाही.

मंडळातले एक सभासद बघायला आले आणि म्हणाले, पोराबाळांनी रेघोट्या मारल्यासारखं दिसतंय. म्हणून आज चारी भिंतींवर हे मरून रंगाचे पडदे सोडलेले आहेत. उद्या खोकी गेली की रंगारी येणार आहे. तेव्हा मानपत्र लिहिणाऱ्याचं मी मनापासून अभिनंदन करते. सरांनी खरोखर असंख्य चित्रं काढली. आपण सगळे त्यांच्या मधोमध बसलेलो आहोत.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘कृपया विषयाला धरून बोलावे.’ महोदय, मी विषयाला धरूनच बोलते आहे. खरं तर विषयाला मी एकटीच धरून राहिले आहे आणि माझे हात भरून आलेत.

आज सकाळी वहिनींचा फोन आला. वहिनी, मी हे सांगणार नव्हते. तुम्ही नंतर मला काय बोलायचं ते बोला. त्या म्हणाल्या, “अगं, हे घरी आले की हात धुवत नाहीत. पेन्सिलीचं काळं उशीला लागतंय. पानावर बसतात आणि तसेच उठतात. काल मी म्हटलं, अहो, आता निवृत्त होताय, कुठेतरी जाऊन येऊ. तर म्हणाले, तू जाऊन ये. मी म्हटलं, आणि तुम्ही? तर नुसते भिंतीकडे बघत बसले. आमच्या भिंतीवर काय आहे गं बघण्यासारखं?”

मी म्हटलं, वहिनी, आज कार्यक्रमाला याल तेव्हा सांगते.

काल दुपारी व्हरांड्यात सर मला भेटले. नियम असा आहे, की कुठलंही चित्र या इमारतीबाहेर जायचं तर ‘प्रवासास आणि साठवणीस योग्य’ असं मला लिहून द्यावं लागतं. माझ्या सहीशिवाय गाडी हलत नाही. मी सही केलेली नाही. मला सांगण्यात आलंय, की सही करणं जमत नसेल तर सही करणारा दुसरा माणूस शोधू. बरोबर आहे, शोधतील. सरांना हे कळलं होतं. म्हणाले, “सही करून टाक.”

मी म्हटलं, “सर, तुम्ही सांगताय हे?”

“तुझी नोकरी आहे अजून. तुझ्या घरी आई आहे अंथरुणाला खिळलेली. माझं काय, माझं झालं.”

“आणि बाई?”

सर अगदी साधेपणाने, जसं आपण म्हणतो ना की जाता जाता वाण्याकडे सांगून येतो, तसं म्हणाले, “बाईंना मी भेटलो की सांगेन.”

सर, असं बोलतात का कुणी?

मला भीती वाटते. हे मी कार्यक्रमाचं भान ठेवून, शुद्धीवर राहून सांगते आहे. मला चित्रांची भीती वाटते आणि या माणसाची भीती वाटते, आणि आता त्या दोन वेगळ्या भीती राहिलेल्या नाहीत. हा माणूस आयुष्यात एका बाईला एक शब्द देऊन बसला, आणि तुम्ही त्याच्या हातात पुष्पगुच्छ देऊन त्याच्या देखत तो शब्द मोडताय. आणि तो हसून फुलं घेतोय, कारण त्याला भांडता येत नाही. समीक्षकाशी नाही भांडला, मंडळाशी काय भांडणार? म्हणून मी बोलते आहे. सरांनी मला बजावलं होतं, “चार शब्द गोड बोल आणि बस.” सर, गोड शब्द मघाशी संपले.

माझं मागणं फार मोठं नाही. दालन परत द्या असं मी म्हणत नाही. सभागृह हवंय, ठेवा सभागृह. लोकांनी इथे भाषणं करावीत, मी केलंच की. माझं म्हणणं एवढंच, की खोकी या इमारतीबाहेर नेऊ नका. वर वाचनालयाच्या मागची खोली कोरडी आहे. तिथे आज मोडक्या खुर्च्या आणि जुने पंखे ठेवलेत. त्या खुर्च्या आणि पंखे तळघरात पाठवा. पंख्याला गंज चढला तर मी भाषण करायला येणार नाही, शब्द देते. महोदय, मी आपल्यापुढे हात जोडते. हे पाहा, खरोखर जोडले. या सभागृहासाठी आपण आजपर्यंत जे काही केलंत ते सगळं मी विसरेन, या भिंती रंगवल्यात तरी एक शब्द बोलणार नाही. गाडी थांबवा.

आपण मान हलवलीत. होकाराची की नुसतीच, ते मला इथून कळलं नाही. पाठमोरीच्या कडीसारखंच आहे ते.

तर मग माझं उत्तर मीच सांगून ठेवते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मी सही करणार नाही. दुसरा माणूस मिळेल, माहीत आहे मला. मिळेपर्यंत मी व्हरांड्यात असेन. एका खोक्यावर माझ्या हाताने खडूने ‘ओल वर्ज्य’ असं लिहिलेलं आहे, त्यावर बसलेली असेन. ज्यांना कप ठेवायचे असतील त्यांनी दुसरी जागा बघावी.

आता आभार मानते आणि थांबते. कार्यक्रमाला आलेल्या सर्वांचे आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी एकच चिठ्ठी पाठवली. माइकवाल्या दादांचे विशेष आभार, कारण मघाशी कुणीतरी त्यांना माइक बंद करायची खूण केली होती, ती मला दिसली, आणि त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. वहिनी, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. इतकी वर्षं कोऱ्या भिंतींच्या घरात राहून तुम्ही ही भिंत भरू दिलीत. माझ्या बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर ते माझ्या अज्ञानाचं, काही अधिक झालं असेल तर ते माझ्या भीतीचं. दोन्ही पोटात घालावं. राग धरायचा असेल तर माझ्यावर धरा, त्या खोक्यांवर धरू नका.

शेवटची एक गोष्ट. आज सकाळी, पडदे लावायच्या आधी, मी या खोलीत आले होते. व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर सगळ्यात शेवटचं चित्र आहे. काल सर ते काढत होते तेव्हा त्यांनी आम्हाला बाहेर पाठवलं होतं. ती पाठमोरी आहे. खांदे वाकडे झालेत. दार कललंय. कोपरावरचा फटकारा पेन्सिलीने येत नाही, म्हणून तिथे भिंत तशीच सोडून दिलीय, आणि काय सांगू, तो उजेड आलाय. मी जवळ जाऊन पाहिलं. चार कोपऱ्यांत चार बारीक काळे ठिपके होते. आधी वाटलं, भिंतीचा डाग असेल. बोळा काढला, थुंकी लावली, पुसायला गेले, आणि मग समजलं. सरांनी खिळ्यांची भोकंसुद्धा काढली होती.

पडदेवाले दादा, एवढा मागचा पडदा जरा... नाही, काढू नका. या दालनात आम्ही तसं म्हणत नाही. उतरवा. काढायचं होतं, ते सरांनी काढलेलं आहे.